कोकणातला छोटा फुटबॉल क्लब आणि त्याचं मैदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग-मुरुडपासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत जिथे फुटबॉलची मंडळं तग धरून आहेत, तिथून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. उत्तरं मैदान सांभाळणाऱ्याच्या बाजूने दिली आहेत. प्रशिक्षकाला विचारलंत तर तो क्रम वेगळा लावेल, आणि खजिनदार तर प्रश्नच वेगळे काढेल.

आमचा क्लब ‘सेमी-प्रोफेशनल’ म्हणवून घेऊ शकतो का?

घ्या की. पण फिफाच्या नियमांत असा प्रकारच नाही. तिथे दोनच जाती: लेखी करार असून खेळायला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेणारा तो व्यावसायिक, बाकी सगळे हौशी. आपल्याकडचा सेमी-प्रो म्हणजे गोलकीपर पहाटे जेटीवर असतो, स्ट्रायकर मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत असतो आणि रविवारी दोघांना सामन्यामागे मानधन, पेट्रोल नि जेवण मिळतं. यात कमीपणा काही नाही. फक्त कोणाला किती आणि कशाबद्दल दिलं ते वहीत लिहा, सही घ्या. पुढे क्लब वर गेला तर पहिली अडचण याच वहीपाशी येते.

मैदान किती मोठं लागतं? गुंठ्यांत सांगा.

खेळाच्या नियमांनुसार लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर. यातलं सगळ्यात लहान मैदान, म्हणजे ९० बाय ४५, बरोबर ४० गुंठ्यांत बसतं: एक एकर. पण एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर अकरा-अकरा जण म्हणजे नुसती ढकलाढकली. मोठ्या स्पर्धांसाठी प्रचलित माप १०५ बाय ६८. ते झाले सत्तर-एकाहत्तर गुंठे. चारही बाजूंनी तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली, जी धरायलाच हवी, की ८१ गुंठे. सोप्या हिशेबात दोन एकर.

कोकणात एका पातळीत दोन एकर म्हणजे काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. एकतर कातळसडा, नाहीतर खाडीलगतची खाजण, नाहीतर भातशेतीचा मळा. म्हणून आहे ते मैदान जाऊ देऊ नका. नवं मिळणार नाही.

‘मैदानाचा दर्जा’ म्हणजे नेमकं काय, आणि ठरवतं कोण?

वरच्या पातळीवर आशियाई महासंघाच्या क्लब परवाना पद्धतीवर आधारलेले अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे निकष आहेत. त्यांचे पाच भाग: खेळविषयक, सुविधा, माणसं आणि प्रशासन, कायदेशीर बाबी, आर्थिक बाबी. मैदान हा पाचातला एक भाग, हे लक्षात ठेवा. राज्याच्या स्पर्धा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, घेते आणि त्या त्या स्पर्धेची नियमावली वेगळी निघते. ती दरवर्षी नव्याने वाचावी. गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं नसतं.

तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवर मात्र तपासायला कोणी येत नाही. तिथे रेफ्री हाच तपासनीस. सामन्याआधी तो जाळी, पोस्ट, रेषा, कोपऱ्यावरचे झेंडे बघतो आणि मैदान धोक्याचं वाटलं तर सामना नाकारू शकतो. आपल्याकडे रेफ्रीने नाकारलं की आयोजक त्याच्या अंगावर जातात, हा आपला दर्जा.

आमचा क्रम विचाराल तर असा: आधी जागेचा कागद, मग पाण्याचा निचरा, मग कुंपण, मग संडास आणि पिण्याचं पाणी, मग गोलपोस्ट. टर्फ, गॅलरी, फ्लडलाइट हे सगळं त्याच्या मागून. बहुतेक क्लब नेमके उलट्या टोकाने सुरू करतात, कारण उद्घाटनाची फीत निचऱ्याच्या पाइपाला बांधता येत नाही.

मैदान शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं आहे, पण खेळतो आम्हीच. आम्ही त्यावर खर्च करावा का?

कागद होईपर्यंत मोठा खर्च करू नका. रोलर फिरवा, गवत कापा, पण कुंपणाचे चिरे आणि बोअरवेल थांबवा.

‘ग्रामपंचायतीचा ठराव आहे’ असं सगळे सांगतात. ठराव म्हणजे हक्क नव्हे. सरपंच बदलला, सदस्य बदलले की नवा ठराव होतो आणि त्याच मैदानावर आठवडा बाजार, एसटीचा थांबा नाहीतर पाण्याची टाकी येते. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, नाहीतर भांडणाच्या वेळी तो कागद हातात असून नसल्यासारखा. पंचायतीच्या मालमत्तेच्या लांब मुदतीच्या पट्ट्याला वरून मंजुरीही घ्यावी लागते. वेळ जातो, चकरा होतात, पण दुसरा मार्ग नाही. शिक्षणसंस्थेची जागा असेल तर मुख्याध्यापकांचं तोंडी ‘खेळा हो’ पुरत नाही. संस्थेच्या कार्यकारिणीशी लेखी करार हवा, त्यात वेळा आणि देखभाल कोणाची हे स्पष्ट असावं.

गायरान किंवा गावठाणाबाहेरची सार्वजनिक जागा असेल तर तिच्यावर पक्कं बांधकाम करायच्या भानगडीत पडू नका. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवावीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात बजावलं आहे. क्लबची इमारतही त्यातून सुटत नाही. खेळायला मोकळं मैदान म्हणून जागा राखून घेणं हे त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

आणि खासगी सडा असेल तर सातबारा काढा. काढलात की कळेल: वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, चार-पाच वारलेली आणि वारस नोंद नाही. एका चुलत्याने हौसेने दिलेली जागा दुसरा चुलता मे महिन्यात येऊन बंद करतो. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या गणपतीत घ्याव्या. तेव्हाच सगळे गावात असतात आणि त्यातल्या त्यात बऱ्या मूडमध्ये असतात.

पावसात मैदानाचं तळं होतं. त्यापेक्षा कृत्रिम टर्फच टाकलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

आधी पाण्याचा हिशेब. १०५ बाय ६८ च्या मैदानावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सात हजार लिटरहून जास्त पाणी झालं. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर ही काही बातमी नव्हे. तेवढ्यात सात लाख लिटर जमतं. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर एका दिवसात मैदानावर रिकामे केल्यासारखं. टर्फ टाकलं तरी हे पाणी जायला हवंच. टर्फच्या खाली खडीचे थर आणि पाइप लागतात, आणि तेच नीट नसतील तर टर्फ तरंगतं, सांधे सुटतात, खालून माती वर येते. म्हणजे निचरा चुकवायला म्हणून टर्फ घ्यायचं आणि त्यासाठी आधी निचराच करायचा.

आता मैदानावर जाऊन बघा. दोन तास चांगला कोसळू द्या आणि छत्री घेऊन वरच्या बाजूला उभे राहा. आपली बहुतेक मैदानं डोंगराच्या पायथ्याला किंवा उतार कापून केलेली. बघाल तर मैदानात साचलेल्या पाण्यातलं बरंचसं आकाशातून पडलेलं नसतंच. ते वरच्या काजूच्या बागेतून तांबडं होऊन वाहत येतं, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी आत शिरतं आणि पेनल्टी बॉक्समध्ये बसतं. वरच्या अंगाला आडवा चर मारून हे पाणी वहाळाला लावलं की अर्धा प्रश्न सुटतो. जेसीबीचं थोडक्या वेळाचं काम. यासाठी कोणी कन्सल्टंट लागत नाही, फक्त शेजारच्या बागवाल्याशी बोलणं लागतं, आणि कधी कधी तेच जास्त जड जातं.

उरलेल्या अर्ध्यासाठी मध्यभाग उंच आणि दोन्ही बाजूंना उतार. मध्यापासून टचलाइनपर्यंतच्या, म्हणजे लांबीच्या कडेच्या रेषेपर्यंतच्या, ३४ मीटरला फूटभर उतार पुरतो, खेळताना जाणवतही नाही. बाजूने चर, चराला बाहेर पडायला वाट. ती वाट मैदानाहून खाली आहे ना हे आधी बघा. भरावावर भराव टाकलेल्या मैदानांत चर वर आणि मैदान खाली, हा प्रकार सर्रास दिसतो.

आणखी एक खोड सोडा. दरवर्षी स्पर्धेआधी लाल मातीचे डंपर ओतून त्यावर रोलर फिरवायचा. वरचा थर इतका घट्ट होतो की पाणी मुरतच नाही आणि उन्हाळ्यात पोरांच्या ढोपरांची सालं निघतात. माती मोकळी करायची असते, काटे मारून भोकं पाडायची असतात, त्यात जाड रेती भरायची असते. समुद्रावरची रेती मात्र आणू नका. मिठाने गवत जळतं, आणि ती उचलणं बेकायदाही आहे.

एवढं सगळं करूनही टर्फच हवं असेल तर तीन गोष्टी विचारा. एक, त्याचं आयुष्य साधारण आठ-दहा वर्षं. दुसऱ्या टर्फचे पैसे आतापासून बाजूला टाकणार का? दोन, फिफाची ‘क्वालिटी’ आणि ‘क्वालिटी प्रो’ ही प्रमाणपत्रं टर्फच्या नुसत्या गुंडाळीला मिळत नाहीत, तुमच्या मैदानावर अंथरलेल्या टर्फची चाचणी होऊन मिळतात आणि त्यांची मुदत संपते. विक्रेता कागद दाखवत असेल तर तो कोणत्या मैदानाचा ते वाचा. तीन, आत भरायचे काळे रबरी दाणे. पहिल्याच मुसळधार पावसात ते गटारात, तिथून खाडीत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लास्टिकवर बंदीचा नियम केला आणि मैदानांच्या दाण्यांना २०३१ पर्यंत मुदत दिली. ज्या खाडीवर आपलं मासे-कालवांचं पोट चालतं, तिच्यात ते आपण का सोडावेत?

मुंबईच्या कूपरेज किंवा म्हापशाच्या दुलेर स्टेडियमला टर्फ शोभतं. तिथे दिवसभर सामने असतात. आठवड्याला तीन सराव आणि एक सामना असलेल्या क्लबला चांगलं गवतच परवडतं.

मग गवत कोणतं लावावं?

हरळी. गणपतीला वाहतो तीच दूर्वा. जगभरच्या उष्ण भागांतल्या स्टेडियमवर ‘बर्म्युडा’ म्हणून जे गवत असतं ते हेच, किंवा त्याचे संकरित भाऊबंद. जूनच्या पहिल्या सरींनंतर तुकडे रोवा, सप्टेंबरपर्यंत पसरतं. मात्र त्या काळात त्यावर खेळू नका, आणि हेच कोणाला जमत नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर खारं पाणी सोसणारं पॅस्पलम गवत मिळतं, रोपवाटिकेत विचारा.

रानडुकरं गवताखालचे किडे शोधत एका रात्रीत अर्धं मैदान नांगरून टाकतात. कुंपणाला तळाशी फटी ठेवू नका. गुरं आणि बाइकवाले यांच्यासाठीही तोच उपाय.

शेवटी गॅलरी तरी हवी ना? प्रेक्षक उभे राहून बघतात.

उभे राहू द्या. उतार असेल तर त्याच उताराला चिऱ्यांच्या पायऱ्या काढा. जांभा आपल्याकडे मुबलक, गंजत नाही, जळत नाही, कोसळत नाही. कोकणातल्या मैदानाला देवाने दिलेली गॅलरी म्हणजे शेजारचा डोंगर, आणि आपण तो कापून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारतो.

तात्पुरत्या गॅलरीबद्दल मात्र कडक बोलायला हवं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, सामन्याला तात्पुरती गॅलरी प्रेक्षकांसह खाली आली आणि शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. आपल्याही रात्रीच्या सात-सात जणांच्या स्पर्धांना तसेच सांगाडे असतात, मंडप डेकोरेटरने बांधलेले. तो लग्नाचा मंडप उत्तम बांधतो. गोल झाल्यावर चारशे जण एकदम उड्या मारतात तेव्हाचा भार हा त्याचा विषय नव्हे. इंजिनिअरचा दाखला नसेल तर गॅलरी नको, आणि खाली कागद-पाला-प्लास्टिक साठू द्यायचं नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ जण गेले. मागची दारं बंद होती.

रुग्णवाहिका, डॉक्टर वगैरे छोट्या सामन्याला लागतं का?

निदान १०८ची गाडी थेट टचलाइनपर्यंत येईल एवढं फाटक आणि तेवढी मोकळी वाट लागते. फाटकासमोर बाइक लावलेल्या असतात, त्याच हलवायला जातात पहिली दहा मिनिटं. स्ट्रेचर, बर्फ, प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानावर जाऊ नका. माडाखाली किंवा लाइटच्या खांबाजवळ गोळा होऊ नका. ऑक्टोबरात आणि मे अखेरीला हे विशेष पाळा.

गोलपोस्ट दरवर्षी रंगवतो. तरी तक्रार का?

कारण रंग वरून असतो. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, लोखंडी पाइप, खारी हवा. जमिनीलगतच्या वीतभर भागात पाणी साठतं आणि पाइप आतून खातो. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे टोचा. आरपार गेला तर रंगाचा डबा परत ठेवा आणि वेल्डर बोलवा. नवीन करताना गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या, परवडलं तर अॅल्युमिनियम.

हलवता येणारे पोस्ट असतील तर ते मागून जमिनीला जखडलेले किंवा वजनाने दाबलेले असलेच पाहिजेत. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि पोस्ट पुढे उलटतो. जगात बरीच मुलं याने दगावली आहेत. नियमही तेच सांगतो: न जखडलेला पोस्ट वापरायचाच नाही.

फ्लडलाइट?

बिल भरायची ऐपत असेल तर. खांब घेण्याआधी गंज, चक्रीवादळाचा वारा आणि वीजजोडणीचा प्रकार या तिन्हींचं उत्तर लेखी घ्या. निसर्ग आणि तौक्ते ही दोन वादळं विसरण्याइतकी जुनी नाहीत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम आहे. समालोचकाला कोणीतरी सांगा.

मैदान समुद्रकिनाऱ्यालगत आहे. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, अडचण येईल?

खेळायला नाही. ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास पट्ट्यातही बागा, कुरणं, क्रीडांगणं यांना मुभा आहे. २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांत तसा उल्लेख आहे. अडचण येते ती पॅव्हेलियन, काँक्रीटच्या पायऱ्या, भराव आणि वाळू यांत. भरतीरेषेपासून किती मीटर ते तुमच्या जागेच्या नकाशावरून ठरतं. मंजुरीशिवाय वीटही लावू नका, कारण तक्रार करणारा गावातलाच असतो.

चेंजिंग रूमची खरंच गरज आहे? पोरं झाडाखाली कपडे बदलतात.

पोरं बदलतात. पोरी काय करणार? मुलींचा संघ टिकत नाही असं ज्या क्लबांचं म्हणणं असतं, तिथे जाऊन संडासाचं दार लागतं का ते बघावं. दोन खोल्या, रेफ्रीला एक छोटी खोली, कडी असलेले संडास, नळाला पाणी. नेमका हाच खर्च सगळ्यात आधी कापला जातो, आणि त्याचं उत्तर आमच्याकडेही नाही.

हंगाम कोणता ठेवावा?

कोकणाचं कॅलेंडर फुटबॉलच्या विरोधात आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, किनाऱ्यावरची पोरं मोकळी, आणि नेमकं तेव्हाच मैदान पाण्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात भातकापणी. मार्चात शिमगा आणि परीक्षा. एप्रिल-मेत आंबा, पण चाकरमानी गावाला आल्याने बघायला गर्दी. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही गावोगावच्या जत्रा.

लीग या चार महिन्यांत बसवा, मे महिन्यात एक छोटी सात-सात जणांची स्पर्धा घ्या आणि पावसाळ्यात मैदानाला हात लावू नका. पावसाळ्यात चिखलात खेळायची मजा आम्हालाही कळते. पण मजेसाठी कापणीपर्यंत थांबा आणि मोकळा झालेला मळा मागून घ्या, क्लबचं मैदान नको. गोव्यात भाताची कापणी झाली की शेतातच सामने रंगतात, तसं.

क्रिकेटवाल्यांशी मैदान कसं वाटून घ्यायचं?

गोडीने. ते संख्येने जास्त आहेत आणि वर्गणीही त्यांनाच जास्त मिळते. सिमेंटची खेळपट्टी मधोमध असेल तर ती हलवायचा आग्रह धरा, कारण सेंटर सर्कलमध्ये सिमेंटची कड म्हणजे घोटा मोडायचं आमंत्रण. हलवत नसतील तर मॅट आणि माती टाकून कडा भरा. स्पर्धांच्या तारखा दोघांनी मिळून दसऱ्याला ठरवा.

पैसा कुठून आणायचा?

वर्गणी, मुंबई मंडळ, स्थानिक देणगीदार, हे तुम्हाला माहीत आहेच. शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. त्यात पुन्हा जागेचा कागद मागतात. आला ना फिरून तोच मुद्दा?

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाबद्दल, गैरसमज फार. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि अनुसूची ७ मध्ये ग्रामीण खेळांचं तसंच ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण आहे. शब्द बघा: प्रशिक्षण. ‘चषकाला प्रायोजकत्व’ म्हणून गेलात तर ती जाहिरात झाली, ते दुसऱ्या खात्यातून. मुलामुलींचं वर्षभराचं प्रशिक्षण केंद्र म्हणून जा. त्यासाठी नोंदणीकृत संस्था, आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणजे आज नोंदणी केलीत तर तीन वर्षांनी दार उघडतं.

धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब आणि बदल अर्ज (कार्यकारिणी बदलल्याची नोंद) थकलेले नसावेत. आमच्या भागात क्लब बंद पडतात ते हरण्याने नाही, बदल अर्ज न भरल्याने. कार्यकारिणीत कागदावर अजून काका आणि अण्णा, प्रत्यक्षात धावपळ करणारी पोरं वेगळीच.

बाहेरचे खेळाडू आणून स्पर्धा जिंकल्या तर नाव होत नाही का?

होतं, पुढच्या स्पर्धेपर्यंत. मोठ्या बक्षिसासाठी गोव्यातून, मुंबईतून, कधी परदेशी खेळाडूही आणले जातात. प्रवेश फी आणि मानधन वजा जाता बक्षिसातलं काय उरतं ते खजिनदाराला एकांतात विचारा.

त्याऐवजी गावातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांची महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत नोंद करा. मुलाचा पहिला व्यावसायिक करार झाला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाईचा हक्क येतो. परदेशी बदली झाली तर रकमेतले पाच टक्के १२ ते २३ या वयात त्याला शिकवलेल्या क्लबांत वाटले जातात. सावंतवाडी-बांद्याची चुणचुणीत पोरं गोव्याच्या क्लबांत खेळायला जातात. नोंदच नसेल तर तुमचा क्लब त्या मुलाच्या आयुष्यात कागदोपत्री आलाच नव्हता.

मैदान निकषात बसलं नाही तर जिंकूनही वर जाता येत नाही, हे खरं का?

खरं. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्सने १९९४ साली आपली लीग जिंकली आणि मैदानामुळे त्यांना वर घेतलं नाही. पुढची दोन वर्षं मॅकल्सफील्ड आणि स्टीव्हनेज यांचंही तेच झालं. किडरमिन्स्टर शेवटी २००० मध्ये वर गेला. टर्फचीही तिथे गोष्ट आहे: सटन युनायटेड २०२१ मध्ये चौथ्या पातळीवर चढला, तिथे कृत्रिम टर्फ चालत नाही, म्हणून चांगलं टर्फ उखडून गवत लावावं लागलं.

आपल्याकडे इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल, त्याखाली आय-लीग आणि तिची दुसरी-तिसरी पायरी, मग राज्याची लीग अशी उतरंड राहिली आहे. तिसरी पायरी २०२३ मध्ये आली. कागदावर कुडाळचा क्लबही वर जाऊ शकतो. पण तोवर घरचे सामने दुसऱ्याच्या मैदानावर खेळायची तयारी ठेवा, आणि तो भाड्याचा आकडा आधी काढा.

वरच्या लीगचाच घोळ चालू असतो. मग आमच्यासारख्यांचं भवितव्य काय?

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम अडला आणि पुढच्या काही आठवड्यांत काही मोठ्या क्लबांनी पहिल्या संघाचं कामकाज थांबवलं. त्या दिवसांत वेंगुर्ल्याच्या पोरांचा सराव चुकला असेल तर पावसामुळे. छोट्या क्लबाला वरच्या करारांवर जगावं लागत नाही, ही त्याची ताकद.

महाराष्ट्रातलीच यादी काढा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये. डीएसके शिवाजियन्स २०१७, एफसी पुणे सिटी २०१९. सगळ्यांकडे पैसा होता, मालकाचं मन फिरलं की क्लब संपला. घाट चढून वर कोल्हापूरला जा: पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. मालक कोण? पेठ. शाहू स्टेडियमवर तिकीट काढून लोक बसतात. तिथली हुल्लडबाजी घेऊ नका, बाकी घ्या.

गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने वरच्या रचनेवर नाराज होऊन आय-लीग सोडली. धेंपो राज्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आला. वर काहीही होवो, खाली जिल्ह्याची लीग सलग चालू असेल तर क्लब जगतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात कमी आहे ती ही सलगता. आठ संघांची, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची लीग. चषक नको, ढोल नको, प्रमुख पाहुणे नकोत. तीन जिल्ह्यांत मिळून अशी बारा-पंधरा मैदानं सावरली तरी पुरे आहेत.

पुराने मैदान बुडालं. गाळ काढावा की मुरू द्यावा?

काढावा, पातळ थर असला तरी. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मागे राहिलेला गाळ वाळून पापुद्र्यासारखा बसला. असा थर गवताचा श्वास कोंडतो. ओला असतानाच फावड्याने ओढा. काचा, पत्रे, तारा हाताने वेचा, आणि पहिले दोन आठवडे लहान मुलांना अनवाणी सोडू नका.

रेषा मारायला चुना चालेल का?

कळीचा चुना अजिबात नाही. ओल्या अंगाला भाजतो, डोळ्यात गेला तर दवाखाना. साधी पांढरी फक्की किंवा पाण्यात कालवलेला रंग वापरा. रेषेची रुंदी १२ सेंटिमीटरहून जास्त नको, आणि दोरी लावूनच मारा.